अधिवास निवृत्तांचा, भार कोणाचा?

अमेरिकेत पासष्टीच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या सुखवस्तू माणसापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. उरलेले आयुष्य कोणत्या राज्याचा रहिवासी म्हणून काढायचे? हा प्रश्न केवळ हवापाण्याचा किंवा नातवंडांच्या सहवासाचा असता, तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण पुष्कळदा तो कागदावरच्या निवासाचा असतो. माणूस वर्षातील काही महिने एका राज्यात आणि काही महिने दुसऱ्या राज्यात काढतो आणि प्राप्तिकर, मृत्युकर व घरपट्टी यांचा हिशेब मांडून त्यांपैकी एक राज्य ‘आपले’ म्हणून जाहीर करतो. वकिलांचा आणि करसल्लागारांचा मोठा व्यवसाय या एका निर्णयावर पोसला जातो. वरवर पाहता ही एका कुटुंबाची खासगी बाब आहे. वस्तुतः संघराज्याच्या करव्यवस्थेतील एका मूलभूत दोषाची ती खूण आहे. घटकराज्यांची एकमेकांशी करांच्या बाबतीत स्पर्धा लागली, म्हणजे तिचा लाभ कोणाला होतो आणि भार कोणावर पडतो, हे या उदाहरणातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून दिसत असेल.

निवास आणि अधिवास

कायदा ‘निवास’ आणि ‘अधिवास’ यांत भेद करतो. घरे अनेक असू शकतात, निवासही अनेक असू शकतात. अधिवास मात्र एका वेळी एकच असतो. जेथे कायम राहण्याचा इरादा आहे आणि बाहेर गेले तरी जेथे परतायचे आहे, ते अधिवासाचे ठिकाण. इरादा ही मनातील गोष्ट असल्यामुळे तो बाह्य खुणांवरून ताडावा लागतो. मतदारयादीत नाव कोठे आहे, मोटार कोठे नोंदलेली आहे, वाहनचालक परवाना कोणत्या राज्याचा आहे, नेहमीचा डॉक्टर कोठे आहे, या गोष्टींना त्यामुळे महत्त्व येते. फ्लोरिडात तर अधिवासाचे प्रतिज्ञापत्र काउंटीच्या कार्यालयात रीतसर नोंदवता येते. उलट न्यूयॉर्कसारखे राज्य सहजासहजी कोणाला सोडत नाही. तेथे कायमस्वरूपी घर ठेवून वर्षातील १८३ दिवसांहून अधिक काळ राहणारा मनुष्य, अधिवास अन्यत्र असला तरी, कराच्या दृष्टीने रहिवासीच मानला जातो. त्यामुळे धनिक मंडळी दिवस मोजतात, आणि घरातील पिढीजात वस्तू, चित्रे व आवडीची चीजवस्तू कोणत्या घरात आहे याची चौकशी राज्याचे तपासनीस करतात.

या वादाला जुना इतिहास आहे. कॅम्पबेल सूप कंपनीचे मालक जॉन डोरन्स १९३० मध्ये वारले, तेव्हा पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांच्या न्यायालयांनी ‘हा गृहस्थ आमचाच’ असा निर्णय दिला आणि दोन्ही राज्यांनी वारसा कर वसूल केला. १९३६ मध्ये वारलेल्या एडवर्ड ग्रीन यांच्या संपत्तीवर तर टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स अशा चार राज्यांनी हक्क सांगितला. अखेर १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांचा अधिवास मॅसॅच्युसेट्समध्ये होता, असा निवाडा करावा लागला. माणूस एकच आणि त्याला आपला म्हणणारी राज्ये चार! अर्थात हे प्रेम माणसावर नव्हते.

आज फ्लोरिडा, टेक्सास, टेनेसी, नेवाडा, साउथ डाकोटा, वायोमिंग आदी राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा प्राप्तिकर नाही. साउथ डाकोटाची ख्याती याहून पुढची आहे. घर विकून मोठ्या फिरत्या वाहनात संसार थाटणाऱ्या निवृत्तांना, टपाल पुढे पाठवणाऱ्या संस्थेचा पत्ता आणि राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती एवढ्या आधारावर वाहनचालक परवाना मिळावा, अशी सोय या राज्याने वर्षानुवर्षे ठेवली. एका रात्रीच्या मुक्कामाने माणूस त्या राज्याचा होतो, ही अधिवासाच्या कल्पनेची परमावधी म्हटली पाहिजे.

गरिबाच्या निवासाची परीक्षा

श्रीमंताच्या अधिवासाचे असे स्वागत होत असताना गरिबाच्या निवासाकडे याच राज्यांनी कसे पाहिले? इंग्लंडमध्ये १६६२ साली वसाहतीचा कायदा झाला. गरिबाला मदत द्यायची ती त्याच्या मूळ परगण्यानेच, आणि तो अन्यत्र भार होईल असे वाटले तर त्याला परत हाकलायचे, हे त्या कायद्याचे सार होते. अमेरिकेतील राज्यांनी हा वारसा दीर्घकाळ जपला. महामंदीच्या काळात, १९३६ साली, लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी कॅलिफोर्नियाच्या सीमेवर पहारे बसवले आणि दुष्काळाने व बेकारीने उठून आलेल्या निर्धनांना परत पाठवले. निर्धन माणसाला राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियात गुन्हा होता; तो कायदा रद्द व्हायला १९४१ साल उजाडले. गरजूला सरकारी मदत मिळण्यापूर्वी राज्यात एक वर्ष राहिले पाहिजे, ही अनेक राज्यांची अट सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मोडीत काढली.

ॲरिझोना राज्यातील मॅरिकोपा काउंटीचे उदाहरण बोलके आहे. निवृत्तांसाठी खास वसवलेले सन सिटी हे नगर १९६० मध्ये याच काउंटीत सुरू झाले. देशभरातील सुस्थित वृद्धांना जाहिराती देऊन तेथे बोलावले जात होते आणि ते आल्या दिवसापासून नगरवासी होते. पुढे याच वृद्धांनी आसपासच्या शाळांसाठी काढायच्या रोख्यांविरुद्ध मतदान केले. त्याच काउंटीत १९७१ मध्ये शेजारच्या न्यू मेक्सिकोतून आलेला दम्याचा एक निर्धन रुग्ण आजारी पडला, तेव्हा एक वर्षाचा निवास पुरा झालेला नाही, या कारणावरून काउंटीने त्याच्या मोफत उपचाराचा भार नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ही अट घटनाबाह्य ठरवली. एका काउंटीत पैसा आणणाऱ्याला पहिल्या दिवशी घर आणि आजार आणणाऱ्याला वर्षभराची परीक्षा! संचाराचे स्वातंत्र्य घटनेने सर्वांना दिले हे खरे. पण गरिबाला ते न्यायालयात झगडून मिळवावे लागले, तर संपत्तीला ते मागावेही लागले नाही.

प्राप्तिकर नसलेले राज्य चालते कशावर?

प्राप्तिकर नाही याचा अर्थ कर नाही असा होत नाही. शाळा, रस्ते, पोलिस आणि न्यायालये यांचा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे. टेक्सासमध्ये राज्याचा विक्रीकर ६.२५ टक्के आहे आणि स्थानिक करासह तो ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो. टेनेसीत राज्याचा दर ७ टक्के आहे. साउथ डाकोटात अन्नधान्यावरही विक्रीकर आहे. तो काढून टाकण्याचा प्रस्ताव २०२४ च्या सार्वमतात फेटाळला गेला. ज्याची सारी मिळकत पोटासाठी आणि अंगावरच्या कपड्यांसाठी खर्च होते, त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा विक्रीकर ओढून घेतो. ज्याची बहुतेक मिळकत रोख्यांत आणि समभागांत गुंतते, त्याला तो जाणवतही नाही. करआकारणी आणि आर्थिक धोरण यांचा अभ्यास करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने २०२४ मध्ये पन्नासही राज्यांच्या करभाराचा ताळेबंद मांडला, त्यात फ्लोरिडाची करव्यवस्था सर्वांत प्रतिगामी ठरली. निवृत्तांचा स्वर्ग म्हणून ज्याची ख्याती, तेच राज्य आपल्या गरिबांवर तुलनेने सर्वांत जड हात ठेवते. हा योगायोग नव्हे, हे त्या स्वर्गाचे भाडे आहे.

घरपट्टीतही हाच न्याय दिसतो. फ्लोरिडाच्या मतदारांनी १९९२ मध्ये घटनादुरुस्ती मान्य केली. तीनुसार मालक स्वतः राहत असलेल्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला फार तर ३ टक्क्यांनी वाढू शकते. म्हाताऱ्या घरमालकाला वाढत्या किमतींपासून संरक्षण मिळावे, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला हे छत्र नाही. घरमालकावरील वाढीव घरपट्टी त्याच्या भाड्यात उतरते आणि हॉटेलातील नोकर किंवा बांधकामावरील मजूर ती मुकाट्याने भरतो.

सर्वांत बोचरी विसंगती वृद्धांच्या शुश्रूषेच्या बाबतीत आहे. १९६५ मध्ये सुरू झालेली मेडिकेअर ही केंद्राची योजना पासष्टीपुढच्यांच्या औषधोपचाराचा मोठा भार उचलते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्हाऊमाखू घालणे, भरवणे, कुशीवर वळवणे या दीर्घकालीन सेवेचा खर्च ती देत नाही. शुश्रूषागृहातील स्वतंत्र खोलीचा खर्च वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक येतो. गाठचे पैसे संपले म्हणजे आधार उरतो तो मेडिकेडचा, आणि मेडिकेड ही राज्यांनी चालवायची आणि अंशतः राज्यांच्याच पैशावर उभी असलेली योजना आहे. फ्लोरिडा आणि टेक्सास या राज्यांत घरी राहून अशी सेवा मिळवू इच्छिणाऱ्यांची प्रतीक्षायादी असते. पासष्टाव्या वर्षी धडधाकट असताना ज्या राज्यात कर कमी म्हणून माणूस गेला, त्याच राज्याचा तोकडा हात पंच्याऐंशीव्या वर्षी त्याच्या वाट्याला येतो.

आणि त्याला न्हाऊ घालणारी कामकरी स्त्री? फ्लोरिडा, टेक्सास, टेनेसी आणि वायोमिंग या राज्यांनी गरीब प्रौढांसाठी मेडिकेडचा विस्तार करणे नाकारले आहे. तेथे मूलबाळ नसलेल्या, पासष्टीखालच्या गरीब स्त्रीला अपंगत्वासारखे वेगळे कारण नसेल तर या योजनेत जागा नाही. म्हाताऱ्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळणारी स्त्री स्वतःच्या औषधावाचून राहते. करसल्लागाराच्या हिशेबात तिच्यासाठी रकाना नसतो.

एक दरवाजा होता, तो काढला गेला

‘माणसे जिकडे कर कमी तिकडे जाणारच, त्याला इलाज नाही’ असे अर्थशास्त्रातील उजव्या विचाराचे लोक सांगतात. इतिहास असे सांगत नाही. १९२४ मध्ये फ्लोरिडाने घटना बदलून प्राप्तिकर आणि वारसा कर या दोहोंना बंदी केली. उत्तरेतील धनिक वृद्धांना बोलावण्याचे ते उघड आमंत्रण होते. अन्य राज्यांत साहजिकच अस्वस्थता पसरली. त्यावर संघीय काँग्रेसने उपाय काढला. १९२४ मध्ये आणि अधिक जोमाने १९२६ मध्ये तिने अशी तरतूद केली की, राज्याला भरलेला मृत्युकर केंद्राच्या मृत्युकरातून ८० टक्क्यांपर्यंत वळता करून मिळेल. म्हणजे राज्याने कर घेतला तर तेवढे पैसे राज्याच्या तिजोरीत जाणार. नाही घेतला तर ते केंद्राच्या तिजोरीत जाणार. त्या मर्यादेपर्यंत वारसांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच! मग मरण्यासाठी फ्लोरिडा गाठण्यात लाभ तो काय? फ्लोरिडाने या तरतुदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९२७ मध्ये हार पत्करली. १९३० मध्ये त्याच फ्लोरिडाने पुन्हा घटना बदलली आणि या मर्यादेपर्यंत मृत्युकर घेण्याचा मार्ग मोकळा केला. पुढे पन्नासही राज्ये असा कर घेऊ लागली.

कोणाच्याही संचारावर बंदी न घालता, कोणत्याही राज्याची स्वायत्तता न मोडता, केवळ एका समान पायरीने ही चढाओढ सुमारे पाऊणशे वर्षे रोखून धरली होती. २००१ च्या करकपातीच्या कायद्याने ही वळतीची सोय टप्प्याटप्प्याने कमी केली आणि २००५ पासून ती पूर्णपणे संपली. तिच्या जागी केवळ वजावट आली. बहुतेक राज्यांचा मृत्युकर त्याबरोबर गळून पडला. आज बारा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांनीच तो टिकवून धरला आहे.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीतही असेच घडले. पूर्वी कॅलिफोर्नियासारखी राज्ये आपल्याकडे नोकरी करून मिळवलेल्या निवृत्तिवेतनावर, माणूस बाहेर गेला तरी, कर आकारत. जेथे मतदानाचा अधिकार नाही तेथे कर भरायचा, ही निवृत्तांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. तुटपुंज्या वेतनावर जगणाऱ्या म्हाताऱ्यांनाही या नोटिसा येत. जानेवारी १९९६ मध्ये मंजुरी मिळालेल्या संघीय कायद्याने हा अधिकार काढून घेतला. पण लहान निवृत्तिवेतनाला सूट देऊन मोठ्यावर कर ठेवता आला असता. तसे झाले नाही. तीस वर्षे वेतनातील रक्कम करमुक्त बाजूला टाकण्याची मुभा राज्याने दिली ती ‘आज नको, उद्या दे’ या भरवशावर. उद्या उजाडला तेव्हा ऋणको नेवाडाचा रहिवासी झालेला होता.

पळून जाण्याची भीती किती खरी?

यावर असा आक्षेप येतो की, कर वाढवले तर श्रीमंत पळतील आणि तिजोरी रिकामी होईल. क्रिस्टोबल यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये करविवरणांच्या आधारे दाखवून दिले की, वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक मिळवणाऱ्यांपैकी सुमारे २.४ टक्केच लोक वर्षभरात राज्य बदलतात. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण २.९ टक्के आहे आणि अगदी गरिबांत त्याहून अधिक. धंदा, ओळखीपाळखी, मुलांच्या शाळा यांनी कमावता श्रीमंत माणूस जागच्या जागी बांधलेला असतो. ही बंधने सैल होतात ती निवृत्तीनंतर. म्हणूनच वृद्ध अतिश्रीमंतांचा प्रश्न वेगळा आहे. एन्रिको मोरेटी आणि डॅनियल विल्सन यांनी अमेरिकेतील चारशे सर्वांत धनाढ्यांच्या यादीचा अभ्यास केला. २००१ नंतर, म्हणजे ती समान पायरी काढल्यानंतर, मृत्युकर असलेल्या राज्यांतून त्यांपैकी अनेकांनी काढता पाय घेतल्याचे त्यांना आढळले. तरीही बहुतेक राज्यांच्या बाबतीत मृत्युकरातून मिळणारे उत्पन्न या गळतीपेक्षा अधिक भरते, हाही त्यांचाच निष्कर्ष आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२२ मध्ये दहा लाख डॉलरपुढील उत्पन्नावर ४ टक्के अधिभार मंजूर केला. शिक्षण आणि वाहतूक यांसाठी राखलेल्या या अधिभाराने २०२४ च्या आर्थिक वर्षात दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. भीतीचा बागुलबुवा तिजोरीपेक्षा धैर्य रिकामे करण्यासाठीच अधिक उपयोगी पडतो.

आपल्या दृष्टीने

मराठी वाचकाला हा विषय सर्वस्वी परका नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यानंतर येथून गेलेली अभियंत्यांची आणि डॉक्टरांची पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. न्यू जर्सीत, जेथे घरपट्टी सरासरी दहा हजार डॉलरच्या घरात गेली आहे, अशा मराठी घरांतही फ्लोरिडाचा हिशेब मांडला जातो. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. नियम जसे असतात तसा माणूस वागतो. पण या पिढीतील पुष्कळांचे शिक्षण येथील जनतेच्या पैशावर चाललेल्या महाविद्यालयांत झाले आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण न्यू जर्सीतील घरपट्टीवर चाललेल्या शाळांत. आज ती घरपट्टी जड वाटते तेव्हा काल ती दुसऱ्या कोणी तरी आपल्या मुलांसाठी भरली होती, एवढे स्मरण ठेवायला हरकत नसावी.

भारतात शेतीबाहेरच्या उत्पन्नावरील कर केंद्राकडे असल्यामुळे निवृत्ताला राज्य बदलून प्राप्तिकर वाचवता येत नाही. घटनाकारांनी राखलेली ही समान पायरी मोलाची आहे. जेथे ती नाही तेथे येथेही तोच खेळ चालतो. मोटारींवरील कर राज्यांकडे आहे, म्हणून महागड्या मोटारी पुदुच्चेरीच्या पत्त्यावर नोंदवून भलत्याच राज्यांतील रस्त्यांवर धावत राहिल्या. आणि मृत्युकर? तो आपण १९८५ मध्ये रद्द करून टाकला, तेव्हा येथील धनिकाला अधिवास बदलण्याचे कष्टही घ्यावे लागत नाहीत.

राज्यांना अधिक आर्थिक अधिकार हवेत, ही मागणी न्याय्य आहे आणि समाजवाद्यांनी ती सातत्याने केली आहे. परंतु अधिकारांच्या विकेंद्रीकरणाबरोबर संपत्तीवरील कराची एक किमान पायरी देशभर समान राहिली पाहिजे. ती नसेल तर स्वायत्तता राज्यांची राहत नाही, ती संपत्तीची होते. राज्ये गिऱ्हाईक शोधणाऱ्या दुकानांसारखी आपापले दर उतरवीत बसतात. निवृत्त माणसाला उन्हात बसायला हवे तेथे खुशाल जाऊ द्यावे. त्याच्या जाण्याबरोबर शाळेचे छप्पर आणि शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीचे औषध जाऊ नये, एवढी व्यवस्था करणे कायद्याच्या हातात आहे. १९२६ मध्ये ती करून दाखवली गेली होती.